आधी आमच्यासारखं वाजवून दाखव

‘आधी नियम शिका, मग मोडा.’ प्रयोगशील संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे हे वाक्य हमखास येतं, आणि ते दोन्ही बाजूंकडून येतं. नाकं मुरडणारे म्हणतात, याचा पायाच कच्चा आहे. प्रयोग कसला, येत नाही ते झाकायची युक्ती आहे. बाजू घेणारे उसळून सांगतात, अहो, त्याला सगळं येतं, हवं तर तुमच्यासारखंही वाजवून दाखवेल. म्हणजे भांडण एवढ्याच मुद्द्यावर, की गड्यानं परीक्षा दिली आहे की नाही. ती परीक्षा घ्यायचा अधिकार कुणाचा आणि ती मोजते तरी काय, हे कुणीच विचारत नाही. ऑर्नेट कोलमन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबद्दल साठ-पासष्ट वर्षं हाच वाद चालू आहे आणि दोन्हीकडचे तो चुकीच्या मैदानावर लढताहेत, असं माझं ठाम मत आहे. कोलमन नियम शिकून मग ते मोडणाऱ्यांपैकी नव्हता. इतर जसे शिकले तसा तो कधी शिकलाच नाही. तरीही त्याच्या संगीताला पक्की शिस्त आहे. ती त्याच्याच वाजवण्यात शोधावी लागते. चार्ली पार्कर या थोर जॅझ सॅक्सोफोनवादकासारखं त्याला वाजवता येत होतं का, या चौकशीतून ती हाती लागत नाही.

कोलमनचा जन्म ९ मार्च १९३०चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. काळ्यांच्या वस्तीतलं गरीब घर. शाळकरी वयात त्यानं अल्टो सॅक्सोफोन मिळवला आणि पियानोच्या पुस्तकावरून, कुणाच्याही मदतीशिवाय तो वाजवायला घेतला. इथेच घोटाळा झाला. अल्टोवर कागदावरचा ‘सी’ हा सूर वाजवला की पियानोवरचा ‘ई फ्लॅट’ ऐकू येतो, कारण वाद्याची बनावटच तशी असते. हे सांगणारं घरात किंवा आसपास कुणी नव्हतं. सूर आणि त्यांची कागदावरची नावं यांची भलतीच जोडी त्याच्या डोक्यात बसली, आणि पुढे चर्चच्या बँडमध्ये गेल्यावर चारचौघांत त्याची चूक दाखवून त्याला खजील करण्यात आलं. त्याची खरी शाळा झाली ती नाचाच्या हॉलमध्ये, ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवणाऱ्या फिरत्या बँडांत. लुइझियानातल्या बॅटन रूज इथे १९४९च्या सुमारास कार्यक्रमाला आलेल्या काही जणांनी त्याला बाहेर नेऊन बेदम मारलं आणि त्याच्या सॅक्सोफोनची वाट लावली. पुढे लॉस एंजेलिसला तो एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्टमन होता. फावल्या वेळात हार्मनीची, म्हणजे सुरांच्या एकत्र मेळाच्या शास्त्राची, पुस्तकं वाचायची आणि रात्री जिथे जॅम सेशन असेल तिथे वाद्य घेऊन हजर व्हायचं, असा त्याचा क्रम. तो वाजवायला उभा राहिला की बाकीचे वादक मंचावरून उतरून जात. १९५४ मध्ये घेतलेला त्याचा पांढरा, प्लास्टिकचा ग्राफ्टन अल्टो नंतर बंडखोरीची खूण म्हणून मिरवला गेला. घेतला होता तो धातूच्या सॅक्सोफोनपेक्षा स्वस्त पडला म्हणून.

मे १९५९ मध्ये अटलांटिक कंपनीसाठी त्यानं ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ ही तबकडी केली. त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स स्कूल ऑफ जॅझमध्ये तो विद्यार्थी म्हणून दाखल झाला. आणि १७ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत त्याच्या चौकडीचा मुक्काम सुरू झाला: कोलमन, छोटा ट्रम्पेट घेऊन डॉन चेरी, बासवर चार्ली हेडन, ड्रम्सवर बिली हिगिन्स. करार दोन आठवड्यांचा होता, मुक्काम सुमारे अडीच महिने लांबला. नामवंत संगीतकार आणि ऑर्केस्ट्रा-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन ऐकायला आला आणि भारावून गेला. थोर ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजनं मात्र सांगितलं की मी याला नशेत ऐकलं, शुद्धीत ऐकलं, याच्याबरोबर वाजवूनही पाहिलं, माझ्या मते हा लोकांना बनवतोय. दुसरा मोठा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, त्यानं तर कोलमनच्या मनाचीच घडी विस्कटलेली असल्याचा निर्वाळा दिला.

या विरोधकांना अडाणी किंवा मत्सरी ठरवून मोकळं होणं सोपं आहे आणि कोलमनचे चाहते नेमकं तेच करत आले आहेत. मला ते मान्य नाही. एल्ड्रिज किंवा डेव्हिस हे कुणी बाहेरचे टीकाकार नव्हते. जॅझ त्यांनी स्वतः घडवलं होतं, तेही वर्णभेदाच्या अमेरिकेत, रोज अपमान गिळत. काळ्या वादकाला ‘उपजत लय आहे, अक्कल नाही’ असं हिणवणाऱ्या समाजात त्यांनी आपली विद्या सिद्ध करून दाखवली होती. बीबॉपच्या, म्हणजे १९४०च्या दशकातल्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझच्या, पिढीनं तर हार्मनीचं असं अवघड शास्त्र उभं केलं होतं की ते पेलायला वर्षानुवर्षं रियाज लागावा. अशा वेळी कुणी येतो, त्या शास्त्राला वळसा घालून भलतंच वाजवतो आणि शहरातले प्रतिष्ठित लोक त्याला डोक्यावर घेतात. राग येणार नाही तर काय? शिवाय त्यांच्या आक्षेपामागे एक रास्त भीतीही होती: कौशल्याची कसोटीच काढून टाकली तर खरा कोण आणि ढोंगी कोण, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं कसं? या भीतीकडे मी शेवटी येणार आहे, कारण कोलमनविरोधी युक्तिवादात खरं वजन आहे ते तिलाच.

पण आधी चार्ल्स मिंगसचं ऐकू. १९६० मध्ये ‘डाउनबीट’ मासिकात बोलताना या बासवादकानं कोलमनची बाजू घेतली, पण गोडवे गायले नाहीत. हा ठरावीक चार-पाच पट्ट्यांतच वाजवतो, साधं सरळ सप्तक लांब सुरांत, सुरात वाजवायला सांगितलं तर जमेल की नाही याचीही मला शंका आहे, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. आणि पुढे काय म्हणाला? की एका रात्री रेडिओवर बऱ्याच तबकड्यांच्या मध्ये याची एक लागली आणि बाकी सगळं, माझी स्वतःची तबकडीसुद्धा, भिकार वाटायला लागलं. सगळ्यांनी कोलमनसारखं वाजवावं असं नाही, पण पार्करच्या नकला करणं आता थांबवावं लागेल. माझ्या मते या सगळ्या वादात इतकं प्रामाणिक दुसरं कुणी बोललं नाही. प्रचलित परीक्षेत हा माणूस कदाचित नापास होईल, हे मिंगसनं मान्य केलं आणि तरी त्याच्या वाजवण्यातलं ताजेपण नाकारलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कळायला बाकीच्यांना इतका उशीर का लागला?

कोलमननं नेमकं काय सोडलं आणि काय धरलं, ते पाहू. तोवरच्या जॅझमध्ये साधारण असं चाले: एक धून घ्यायची, बहुधा बत्तीस मात्राखंडांची (इंग्रजीत ज्यांना ‘बार’ म्हणतात त्यांची), तिच्याखाली कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सूरसमूहांची, एक ठरलेली साखळी. धून वाजवून झाली की ती साखळी आवर्तनासारखी फिरत राहते आणि एकल वादक तिच्यावर उपज करतो. कोणत्या क्षणी कोणते सूर ‘बरोबर’, हे बऱ्याच अंशी ती साखळी ठरवते, आणि पियानो तिची सतत आठवण देत असतो. कोलमननं पियानोच काढून टाकला. धून ठेवली, ठेका ठेवला, ब्लूजची आर्त हाक ठेवली. फक्त उपज कुठे जाणार हे साखळीनं आधीच ठरवायचं, ही अट काढली. आता वाट सुरावट काढणार, आणि बासवादकानं पाठ केलेल्या क्रमानं न जाता तिच्यामागे जायचं. म्हणजे साथीदाराचं काम अवघड झालं. हेडनला क्षणाक्षणाला कान देऊन ठरवावं लागे की हा आता कुठल्या सुराला षड्ज मानून चालला आहे. ज्याला नियमच नको असतात तो आपल्या साथीदारांवर इतकी जबाबदारी टाकेल का?

‘द शेप ऑफ जॅझ टू कम’वरची ‘लोनली वुमन’ ही धून ऐकताना हे कानाला कळतं. हिगिन्सची झांज भरभर, अस्वस्थ चालते. हेडन त्याच वेळी बासच्या दोन तारा एकत्र छेडत खर्जावर जड पावलं टाकत राहतो. या दोन गतींच्या वर कोलमन आणि चेरी यांची विलंबित धून येते, जवळजवळ एकसुरात, पण मुद्दाम घोटून एकजीव न केलेली. सुरुवातीला वाटतं, सगळे वेगवेगळ्या रस्त्यांनी चालले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात येतं की धुनेच्या ओळीचा शेवट कुठे येणार हे चौघांनाही माहीत आहे. तिथे पोचायला घाई कुणी करायची आणि रेंगाळायचं कुणी, एवढंच वेगळं. दुकानातल्या नोकरीच्या काळात, जेवणाच्या सुट्टीत एका गॅलरीत पाहिलेलं श्रीमंत, एकाकी बाईचं चित्र या धुनेमागे होतं, असं कोलमन सांगे. मॉडर्न जॅझ क्वार्टेटसारख्या, नेटकेपणाबद्दल नावाजलेल्या चमूनं १९६२ मध्ये हीच धून आपल्या तबकडीवर घेतली.

मिंगसच्या ‘सुरात’ या शब्दावर आपल्या रागसंगीताच्या कानानं थोडं थांबायला हवं. कोलमनचं म्हणणं असं की शांतीच्या धुनेतला ‘एफ’ आणि दुःखाच्या धुनेतला ‘एफ’ एकसारखे लागताच कामा नयेत. पियानोच्या ठरीव पट्ट्यांवर वाढलेल्या कानाला हे बेसूरपणाचं समर्थन वाटलं. पण दरबारीचा कोमल गंधार आणि भीमपलासीचा कोमल गंधार एकाच जागी, एकाच तऱ्हेनं लागत नाहीत, हे आपल्याकडे तालमीला बसलेल्या मुलालाही सांगावं लागत नाही. हार्मनीची साखळी नसली की संगीत बेशिस्त होतं, हेही आपण कसं मान्य करणार? ख्यालात कॉर्ड नसते. याचा अर्थ कोलमन रागसंगीत वाजवत होता असा मुळीच नाही. त्याच्याकडे रागाची चौकट नव्हती आणि त्याचा सूर टेक्सासच्या ब्लूजचा होता. सूर कुठे लावायचा हे ठरवायचे रस्ते एकाहून जास्त असतात, एवढंच मला इथे दाखवायचं आहे.

ज्या तबकडीवरून त्याच्यावर सर्वात जास्त दगड पडले, ती ‘फ्री जॅझ’ २१ डिसेंबर १९६० रोजी ध्वनिमुद्रित झाली. आठ वादक, चौघांचे दोन गट, स्टीरिओच्या डाव्या कानात एक आणि उजव्यात दुसरा, सुमारे सदतीस मिनिटांचं एकच सलग वादन. ‘डाउनबीट’नं तिची दोन परीक्षणं शेजारीशेजारी छापली. एकानं पाच तारे दिले, दुसऱ्यानं शून्य. पण ती खरोखर गोंधळ आहे का? ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकून आहे. प्रत्येकाला एकल वादनाची पाळी आहे, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये सगळ्यांनी मिळून वाजवायचे बांधलेले तुकडे आहेत, आपल्या मैफलीत मुखड्यावर येतात तसे. एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांना दाद द्यायची, टोकायची, पुढे ढकलायची मुभा आहे. मला ही तबकडी ‘लोनली वुमन’इतकी भिडत नाही, मधले काही पट्टे नुसते दाट वाटतात. पण ती नियमांशिवाय घडलेली नाही.

आता बाजू घेणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांच्या युक्तिवादानं माझ्या मते जास्त नुकसान केलं आहे. ते पिकासोचं उदाहरण देतात: त्याला हुबेहूब चित्रं काढता येत होती, मग त्यानं ती मोडली. आपल्याकडे याच जागी कुमार गंधर्वांचं नाव येतं. कुमारांनी रागरूपांत केलेल्या बदलांवर टीका झाली तेव्हा सांगितलं गेलं की बालपणीच ते दिग्गजांची गाणी हुबेहूब गात, देवधर मास्तरांकडे त्यांची रीतसर तालीम झाली. हे सगळं खरं आहे आणि कुमारांच्या बाबतीत ते लागूही पडतं. पण कोलमनला त्या रांगेत बसवायला गेलं की खोटं बोलावं लागतं. तरुणपणी तो पार्करच्या जागा उचलून वाजवत असे, अशा साक्षी आहेत. त्या खऱ्या धरल्या तरी त्याची वेगळी वाट त्या विद्येतून निघालेली नाही. ती निघाली नाचाच्या हॉलमधल्या ब्लूजमधून आणि एकच सूर वेगवेगळ्या जागांवरून पाहता येतो, या जाणिवेतून. त्या जाणिवेचं मूळ मला तरी लहानपणीच्या त्या घोटाळ्यात दिसतं.

त्याच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ते बहिणाबाई चौधरींचं आहे. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईला वृत्तशास्त्र येत होतं का, असं आज कुणी विचारत नाही. जात्यावरची ओवी हीच त्यांची शाळा होती, आणि तिचे नियम काही कमी कडक नव्हते. त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात आली ती मुलानं लिहून ठेवली होती आणि आचार्य अत्र्यांसारखा माणूस पाठीशी उभा राहिला म्हणून. ‘हिला आधी शार्दूलविक्रीडित येऊ दे’ अशी अट कुणी घातली असती, तर मराठी कवितेचं केवढं नुकसान झालं असतं? बाहेरून न शिकलेला दिसणारा माणूस अनेकदा अशा शाळेत शिकलेला असतो जिला आपण शाळा मानत नाही. ‘त्यालाही तुमचं सगळं येतं’ असं म्हणून कोलमनचा बचाव करणारा ती दुसरी शाळा स्वतःच नाकारतो.

कोलमनच्या कारकिर्दीतलं सगळंच उचलून धरावं, असं माझं म्हणणं नाही. १९६२ नंतर त्यानं सुमारे दोन वर्षं जाहीर वाजवणं थांबवलं, त्या काळात ट्रम्पेट आणि व्हायोलिन हातात घेतलं आणि परतल्यावर मंचावरही आणलं. त्याचं व्हायोलिन मला पटत नाही. त्यात गज घासल्याची गती आहे, पण त्याच्या अल्टोत असतो तो गाता गळा नाही. १९६६ मध्ये त्यानं ‘द एम्प्टी फॉक्सहोल’ या तबकडीवर आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला, ड्रम्सवर बसवलं. त्यावर वादक चिडले आणि ते चिडणं मी समजू शकतो. पण याच डेनार्डोनं पुढे बापाबरोबर कित्येक वर्षं वाजवलं, आणि २००५ मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला ध्वनिमुद्रित झालेल्या ‘साउंड ग्रामर’च्या मैफलीत ड्रम्सवर तोच आहे. एखाद्याचे चार प्रयोग फसले म्हणून त्याचा पाचवा ढोंग ठरतो, हे कोणत्या न्यायानं?

दुसरा मोठा आक्षेप श्रोत्यांचा. अशा लोकांनी जॅझ सामान्य माणसापासून तोडलं, लोक नाचत होते ते उठून गेले. आक्षेप भावनेला भिडणारा आहे, पण त्याच्या तारखा जुळत नाहीत. नाचायला लावणारी मोठी स्विंग ऑर्केस्ट्रा १९४०च्या दशकाच्या मध्यावरच मोडकळीला आली होती. लोक ऱ्हिदम अँड ब्लूजकडे आणि मग रॉककडे गेले तेव्हा कोलमनच्या नावावर एकही तबकडी नव्हती. उलट तो स्वतःच त्या नाचाच्या बँडांत वाजवत होता. शिवाय फाइव्ह स्पॉटला गर्दी होत होती. कमी होता तो वादकांच्या हाती पडणारा पैसा. त्या गल्ल्याकडे बघून कोलमननं आपला दर वाढवला, कामं मिळेनाशी झाली, आणि २१ डिसेंबर १९६२ला त्यानं न्यूयॉर्कचं टाउन हॉल हे सभागृह स्वतः भाड्यानं घेऊन कार्यक्रम केला. त्यानंतरचं मौन याच व्यवहारातून आलं. ‘प्रयोगवाल्यांना श्रोत्यांची पर्वा नसते’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा पाहावा.

आणि त्याच्या बाजूनं दिला जाणारा शेवटचा लंगडा युक्तिवाद पुरस्कारांचा. १९६७ला गुगनहाइम फेलोशिप, १९९४ला मॅकार्थर, २००७ला ‘साउंड ग्रामर’साठी पुलित्झर, बघा, शेवटी मानलं की नाही? पण पुलित्झरनं मानलं म्हणून कोलमन मोठा असेल, तर १९६५ मध्ये याच पुलित्झरच्या मंडळानं परीक्षकांची शिफारस डावलून ड्यूक एलिंग्टनला गौरव नाकारला, तेव्हा एलिंग्टन छोटा होता का? अमेरिकेच्या त्या शतकातल्या सर्वात मोठ्या संगीतकारांपैकी एकाला वयाच्या ६६व्या वर्षी नकार देणाऱ्या संस्थेचं प्रशस्तिपत्र कोलमनसाठी पुरावा म्हणून वापरणं मला कमीपणाचं वाटतं. पुन्हा तीच परीक्षा, फक्त परीक्षक बदलले.

आपल्या मातीतली एक गायिकाही या कहाणीत आहे आणि तिचा उल्लेख मराठीत फारसा होत नाही, याचं मला वाईट वाटतं. मुंबईत जन्मलेल्या, हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या आशा पुथली अमेरिकेला गेल्या आणि १९७१ मध्ये कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीसाठी दोन गाणी गायल्या. भोवती ब्रास वाद्यं आणि ड्रम्स आपापल्या वाटेनं चाललेले, खाली कॉर्डचा आधार नाही, आणि तरी त्यांचा आवाज लांब, निवांत ओळ न डळमळता धरून ठेवतो. कोलमनच्या चौकटीबाहेरच्या शाळेतून आलेला गळा त्याच्या संगीतात असा सहज बसला.

राहिली ती ढोंगाची भीती. कौशल्याची जुनी कसोटी लावायची नाही, तर मग कोणती लावायची? कसोटी हवीच, हे मी आधी मान्य केलं आहे. कोलमनच्या नावाखाली नुसता आरडाओरडा करणारे पुढे निघाले, हेही खरं. माझ्या मते पहिली कसोटी ही, की त्या माणसाच्या कामात त्याचे स्वतःचे नियम सापडतात का, आणि चूक झाली तर त्याच्याच हिशोबानं ती चूक म्हणून ऐकू येते का. दुसरी त्याहून कडक: ते नियम दुसऱ्याला शिकता येतात का? जे एकाच्या नकळतेपणातून निघतं ते त्याच्यापाशीच राहतं. जॉन कोल्ट्रेनसारख्या, हार्मनी कोळून प्यालेल्या वादकानं १९६० मध्ये कोलमनच्याच साथीदारांना घेऊन त्याच्या धुना ध्वनिमुद्रित केल्या. आणि १९७६ मध्ये डॉन चेरी, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल आणि ड्यूई रेडमन या चौघांनी ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’ नावाचा चमू काढला. चौघेही कोलमनच्या बँडांत वाजवून बाहेर पडलेले. कोलमन तेव्हा विजेच्या गिटारी घेऊन भलत्याच दिशेला निघाला होता. या चौघांनी त्याच्याशिवाय, त्याचं जुनं संगीत पुढे चालवलं, नव्या धुनाही त्याच रीतीनं बांधल्या. १९७९च्या त्यांच्या तबकडीची सुरुवात ‘लोनली वुमन’नं होते. अल्टोच्या जागी रेडमनचा टेनर आहे, धून बारा मिनिटं चालते, आणि ती त्याच नियमांनी चालते आहे हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं. कोलमनला काही येत नव्हतं असं ज्यांना आजही वाटतं, त्यांनी हे चौघे मग नेमकं काय वाजवत होते, ते सांगावं.